राज्य बदलते तेव्हा जमीन कोणाची?



एखाद्या प्रदेशावरचे राज्य बदलले की तिथल्या जमिनीचे मालकही बदलतात का? गेल्या दोनशे वर्षांत सरहद्दी जिथे जिथे सरकल्या, तिथे हा प्रश्न न्यायालयाच्या दारात उभा राहिला. फ्लोरिडात तो आला, पोलंडमध्ये आला, पंचमहालात आला, आणि १९६१ नंतर गोव्यातही आला. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. नव्या सरहद्दीमुळे जो समाज अचानक अल्पसंख्य ठरतो, त्याला स्वतःचे भवितव्य ठरवण्याचा हक्क किती? पहिला प्रश्न मालमत्तेच्या कायद्यात शिकवला जातो, दुसरा राज्यशास्त्रात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच जमिनीच्या तुकड्यावर उभे असतात. अल्पसंख्य समाज एखाद्या प्रदेशात टिकतो तो मुख्यतः तिथे त्याची घरे, शेते आणि शाळा असतात म्हणून. ती गेली, की स्वयंनिर्णयाचा हक्क कागदावर उरला काय आणि न उरला काय, फरक कितीसा पडतो?

म्हणून या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणे भाग आहे. मांडणी चार टप्प्यांची आहे. आधी मूळ नियम, मग पोलंडमध्ये झालेली त्याची परीक्षा, मग ऑलंड बेटांवर निघालेला वेगळा तोडगा, आणि शेवटी भारतातील न्यायालयांनी धरलेली निराळी वाट.

एक : मूळ नियम

जमिनीशी दोघांचे नाते असते. एक राज्यकर्त्याचे, दुसरे मालकाचे. राज्यकर्ता कायदा करतो, सारा घेतो, न्याय देतो. मालक जमीन कसतो, विकतो, गहाण ठेवतो, मुलांना देतो. राजाने तह करून मुलूख दुसऱ्याला दिला, तर तो काय देऊ शकतो? जे त्याचे आहे तेवढेच. राज्य करण्याचा अधिकार त्याचा होता, तो जातो. सरकारी जमिनी, किल्ले, कचेऱ्या त्याच्या होत्या, त्याही जातात. शेतकऱ्याचे शेत त्याचे नव्हतेच, त्यामुळे ते तहात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

हा विचार ठसठशीतपणे मांडला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी, १८३३ मध्ये. फ्लोरिडा तेव्हा स्पेनकडून अमेरिकेकडे आलेला होता. तह १८१९ चा, अंमल १८२१ पासून. हुआन पर्चमन नावाच्या माणसाला स्पॅनिश गव्हर्नरने १८१५ मध्ये २,००० एकर जमीन दिली होती, आणि अमेरिकी सरकार ती मान्य करायला तयार नव्हते. मार्शल यांच्या निवाड्याचा आशय असा : सत्तांतराने लोकांची राजनिष्ठा बदलते, जुन्या राजाशी असलेले त्यांचे नाते तुटते, पण त्यांचे आपापसांतले संबंध आणि मालमत्तेचे हक्क जसेच्या तसे राहतात. जिंकलेल्या प्रदेशातही हेच चालते, मग तहाने मिळालेल्या प्रदेशात ते अधिकच लागू.

या नियमामागे न्यायबुद्धी आहे, तसा रोकडा व्यवहारही आहे. प्रत्येक तहासरशी लाखो माणसांचे खरेदीखत रद्दी ठरू लागले, तर कोणती प्रजा नवे राज्य निमूट मान्य करील?

पण नियमाच्या कडा पहिल्यापासून धूसर आहेत. पूर्ण मालकी सुरक्षित, हे सगळे मान्य करतात. अर्धवट झालेल्या व्यवहाराचे काय? पैसे दिले, कब्जा मिळाला, पण नोंद व्हायची राहिली, अशा माणसाचे काय? जुन्या सरकारने दिलेला परवाना, खाणीची सवलत, जंगलातला हक्क यांचे काय? पुढचे जवळजवळ सगळे तंटे या कडांवरचे आहेत.

दोन : पोलंडमधली परीक्षा

पोलंडची गोष्ट १८८६ पासून सुरू होते, कारण जमीन हे राष्ट्रवादाचे हत्यार कसे बनते हे तिथे उघड दिसते. पोझेन आणि पश्चिम प्रशिया हे पोलिश वस्तीचे प्रांत प्रशियाच्या राज्यात होते. बिस्मार्कच्या सरकारने १८८६ मध्ये वसाहत आयोग नेमला. काम एकच : पोलिश जमीनदारांच्या इस्टेटी विकत घ्यायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे आणि त्यांवर जर्मन शेतकरी वसवायचे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की सुरुवातीला यात जप्ती नव्हती. व्यवहार राजीखुशीचा आणि किंमत बाजारभावाची. मालमत्तेच्या कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही एका समाजाच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचीच ती योजना होती.

पोलिश लोकांनी याच हत्याराने उत्तर दिले. सहकारी बँका काढल्या, शेतकऱ्यांना कर्जे दिली आणि विक्रीला निघालेली जमीन आपल्या माणसांच्या हाती जाईल अशी तजवीज केली. खरेदीच्या स्पर्धेत सरकार मागे पडू लागले, तेव्हा कायद्याचा सूर बदलला. नवे घर बांधायला परवानगी सक्तीची झाली, आणि ती पोलिश अर्जदाराला मिळेनाशी झाली. मिखाऊ द्झिमावा या शेतकऱ्याने जमीन घेतली होती, पण घराची परवानगी नव्हती. त्याने जमिनीवर चाकांची गाडी आणून तिच्यातच संसार थाटला आणि सरकारी अंमलदारांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. त्याची गाडी पोलिश प्रतिकाराची खूण बनली. १९०८ मध्ये तर पोलिश इस्टेटी सक्तीने ताब्यात घेण्याचा कायदाच आला.

मग पहिले महायुद्ध संपले आणि पारडे उलटले. हे प्रांत नव्या पोलंडकडे आले. काल ज्यांच्यासाठी सरकार जमीन विकत घेत होते, ते जर्मन वसाहतदार आज अल्पसंख्य झाले. पोलंडला मान्यता देताना दोस्त राष्ट्रांनी २८ जून १९१९ रोजी त्याच्याकडून अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार करून घेतला होता. तरी १४ जुलै १९२० रोजी पोलंडने कायदा केला. प्रशियाच्या सरकारी जमिनींवर पोलिश सरकारचे नाव लावायचे, आणि युद्धबंदीच्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१८ ला, ज्यांचा मालकीचा व्यवहार पुरा होऊन नोंदवहीत चढला नव्हता त्यांना बाहेर काढायचे. बहुतेक वसाहतदारांनी हप्त्यांवर जमीन घेतलेली होती. घर बांधले होते, शेत कसत होते, हप्ते भरत होते. राहिला होता तो शेवटचा सोपस्कार.

पोलंडचा युक्तिवाद तोलामोलाचा होता. व्हर्सायच्या तहाने प्रशियाची सरकारी मालमत्ता आम्हाला मिळाली, प्रशियाने केलेले करार आमच्या गळ्यात का? आणि ही वसाहत मुळात पोलिश लोकांना हुसकावण्यासाठीच वसवली होती. तिला संरक्षण म्हणजे अन्यायालाच संरक्षण, नाही का? आजही कित्येक श्रोत्यांना हा दुसरा मुद्दा पटेल.

प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाच्या कायम न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेले. १० सप्टेंबर १९२३ रोजी न्यायालयाने मत दिले आणि ते पोलंडच्या विरोधात गेले. त्यातले तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला, चालू कायद्यानुसार मिळालेले खाजगी हक्क सार्वभौमत्व बदलल्याने संपत नाहीत, आणि यात अर्धवट झालेला करार पुरा करून घेण्याचा हक्कही येतो. दुसरा, वसाहतीमागचा हेतू राजकीय होता म्हणून त्या शेतकऱ्याचा हक्क खाजगी राहत नाही असे नाही. सरकारच्या धोरणाची शिक्षा शेतकऱ्याला देता येत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत दूरगामी. पोलंडच्या कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, कायदा सगळ्यांना सारखा होता. पण त्याचा मार बसत होता तो जवळजवळ फक्त जर्मन वंशाच्या लोकांना. समता कागदावर असून भागत नाही, ती प्रत्यक्षात असावी लागते, असे न्यायालयाने सांगितले. मालमत्तेचा प्रश्न आणि अल्पसंख्याकांचा प्रश्न इथे एकाच निर्णयात एकत्र आले.

त्याच सुमारास शेजारच्या अप्पर सायलेशियात कोळसा, लोखंड आणि कारखान्यांचा प्रदेश वाटायचा होता. २० मार्च १९२१ रोजी तिथे सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मते जर्मनीला आणि ४० टक्के पोलंडला पडली, आणि प्रदेशाची विभागणी झाली. विभागणीने दोन्हीकडे अल्पसंख्य तयार झाले. त्यासाठी १५ मे १९२२ रोजी जिनिव्हात ६०६ कलमांचा करार झाला. मुदत १५ वर्षे. भाषा, शाळा, नागरिकत्व आणि मालमत्ता यांचे एवढे बारकाईने केलेले नियमन तोवर क्वचितच कुठे झाले असेल. शिवाय तक्रार ऐकायला मिश्र आयोग आणि लवाद न्यायाधिकरण होते.

तरी करार पाळला गेला का? खोझूव येथील नायट्रोजन खताचा कारखाना जर्मन कंपनीच्या नावे होता. पोलंडने त्याच १९२० च्या कायद्याचा आधार घेऊन जुलै १९२२ मध्ये तो ताब्यात घेतला. (ताबा घ्यायला गेलेले रसायनशास्त्रज्ञ इग्नात्सी मोश्चित्स्की पुढे १९२६ मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले.) हा तंटा हेगच्या न्यायालयात १९२८ पर्यंत चालला. बेकायदा कृत्याचे सगळे परिणाम पुसून, ते घडलेच नसते तर जी स्थिती असती ती निर्माण करणे म्हणजे भरपाई, हे सूत्र या निकालाने दिले. आंतरराष्ट्रीय न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

तीन : ऑलंडचा तोडगा

आता बाल्टिक समुद्राकडे वळू. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधला ऑलंड हा बेटांचा समूह. लोक स्वीडिश भाषा बोलणारे. स्वीडनने १८०९ मध्ये फिनलंडसह ही बेटे रशियाला दिली. रशियात क्रांती झाली आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाले, तेव्हा ऑलंडच्या लोकांनी सह्यांची मोहीम काढून स्वीडनच्या राजाकडे मागणी केली की आम्हाला पुन्हा आपल्यात घ्या. फिनलंडने १९२० मध्ये स्वायत्ततेचा कायदा देऊ केला. बेटांनी तो नाकारला, आणि नेते यूलियुस सुंडब्लूम व कार्ल ब्यर्कमन यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रश्न राष्ट्रसंघाकडे गेला.

राष्ट्रसंघाने नेमलेल्या कायदेपंडितांनी सांगितले, की स्वयंनिर्णयाचे तत्त्व राजकारणात कितीही गाजत असले तरी ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रस्थापित नियम नाही. दुसऱ्या मंडळाने १९२१ मध्ये त्यावर मजला चढवला. एखाद्या अल्पसंख्य गटाला वाटले म्हणून देशातून बाहेर पडू द्यायचे ठरवले, तर कोणतेही राज्य टिकणार नाही. मात्र राज्याला न्याय्य हमी देण्याची इच्छा किंवा ताकदच नसेल, तर फुटून निघणे हा अपवादात्मक शेवटचा उपाय ठरू शकतो. बेटे फिनलंडचीच राहिली. बेटांवरच्या मोठ्या बहुमताची इच्छा डावलली गेली.

मग त्या बदल्यात त्यांना काय मिळाले? जून १९२१ मध्ये ठरलेल्या हमींमध्ये शाळांत स्वीडिश भाषा होती, स्थानिक विधिमंडळ होते, आणि जमीनही होती. बाहेरच्या माणसाला स्थावर विकायचे झाले, तर ते वाजवी किमतीत विकत घेण्याचा पहिला हक्क बेटावरच्या रहिवाशाला, गावाला किंवा प्रांताला राहील, असे ठरले. प्रांतिक मतदानाचा हक्कही पाच वर्षांच्या रहिवासानंतरच.

इथे एक क्षण थांबून पोलंडशी तुलना करावी. ऑलंडच्या लोकांना फिनलंड जमिनी जप्त करील अशी भीती नव्हती. भीती होती ती खरेदीखतांची. पैसेवाले बाहेरून येतील, एकेक शेत, एकेक घर घेतील, आणि पन्नास वर्षांत बेटांची भाषाच बदलेल. प्रशियाने जे आयोग नेमून केले होते, ते इथे बाजार आपोआप करू शकला असता. म्हणून पोलंडमध्ये अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी खाजगी मालकी राखावी लागली, आणि ऑलंडमध्ये त्याच कारणासाठी खाजगी मालकीवर मर्यादा घालावी लागली. वरवर पाहता हे परस्परविरोधी आहे. पण दोन्हीकडे राखायचे होते ते एकच : एका समाजाचा त्याच्या भूमीशी असलेला संबंध.

या मर्यादेचा भार कोण सोसतो? विकणारा बेटवासीही सोसतो, कारण त्याला खुल्या बाजाराचा भाव मिळत नाही. बेटावर राहायला आलेला फिनिश भाषकही सोसतो. १९५१ च्या कायद्याने यासाठी स्थानिक रहिवासहक्काची तरतूद केली. आज तो मिळवायला फिनलंडचे नागरिकत्व, पाच वर्षांचा रहिवास आणि स्वीडिश भाषेचे पुरेसे ज्ञान लागते. फिनलंड १९९५ मध्ये युरोपीय संघात गेले. त्या संघाचा पाया म्हणजे माणसे, माल, सेवा आणि भांडवल यांचा मुक्त संचार. तरी प्रवेशकरारात ऑलंडसाठी वेगळा मसुदा जोडून ही बंधने राखली गेली. बेटांना स्वीडनमध्ये जाण्याचा हक्क मिळाला नाही. पण ज्यासाठी तो हवा होता, ते बऱ्याच अंशी मिळाले.

चार : भारतातील वाट

आता आपल्याकडे. मार्शल यांचा नियम भारतात चालतो का? ठोक उत्तर असे, की न्यायालयांनी तो मोठ्या प्रमाणावर नाकारला.

पंचमहाल हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा मुलूख. १८६० मध्ये तो ब्रिटिशांकडे आला. तिथल्या तालुकदारांनी आपले जुने हक्क सरकारवर बंधनकारक असल्याचा दावा केला आणि तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२४ चा निकाल असा : सत्तांतरानंतर रहिवाशाला न्यायालयात तेवढेच हक्क मागता येतात जेवढे नव्या सत्तेने मान्य केले आहेत. जुन्या राजवटीतला हक्क त्याच्या कामाचा नाही. तहात तो हक्क राखल्याचे लिहिले असले, तरी तह दोन राज्यांमधला असतो. प्रजेला त्यावरून दावा लावता येत नाही.

साम्राज्याला सोयीचा हा सिद्धान्त स्वतंत्र भारताने टाकला का? एकदा तसे वाटले. १९५४ मध्ये बुंदेलखंडातील संस्थानिकांनी दिलेल्या गावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी राज्यघटनेच्या राज्यात सरकारला आपल्याच नागरिकांविरुद्ध विजेत्यासारखे वागता येणार नाही, अशी भूमिका घेतली. पण १९६४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ती मागे घेतली. गुजरातेतील संत संस्थानच्या राजाने विलीनीकरणाच्या तोंडावर, मार्च १९४८ मध्ये, एका ठरावाने जहागीरदारांना जंगलाचे हक्क दिले होते. मुंबई सरकारने ते नाकारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सरकारची बाजू उचलली. न्या. सुब्बा राव मात्र मिळालेले हक्क टिकतात या मताला धरून राहिले. सरकारची अडचणही समजण्यासारखी आहे. जाता जाता राजाने वाटलेली खिरापत नव्या लोकशाही राज्याने का पोसावी?

गोव्याला हीच फूटपट्टी लागली. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे तूर्त चालू ठेवले. तेव्हा पोर्तुगीज नागरी संहिता राहिली, आणि कोमुनिदाद म्हणजे गावकारीच्या सामाईक जमिनींची व्यवस्थाही राहिली. पण सत्तांतराच्या आधीच्या आठवड्यांत दिलेले आयात परवाने नव्या सरकारवर बंधनकारक ठरले नाहीत. खनिज सापडल्याची नोंद करून सवलत मागणाऱ्याचा हक्कही १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. कायदा चालू ठेवला म्हणजे त्याखालचे जुने हक्क मान्य केले असे होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. ज्या खाणसवलती चालू राहिल्या होत्या, त्याही १९८७ च्या कायद्याने २० डिसेंबर १९६१ पासून रद्द करून भाडेपट्टे म्हणून धरल्या गेल्या. आणि खाणी हा तर तेव्हा गोव्याच्या अर्थकारणाचा कणा होता.

गोव्याने हा अनुभव पूर्वीही घेतला होता. पोर्तुगीज १५१० मध्ये आले. १५२६ च्या फोराल या दस्तऐवजाने त्यांनी गावकारीचे रिवाज लिहून मान्य केले. मात्र १५४० नंतर तिसवाडीत देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनी व उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. गावाची जमीन राहिली, देवाची गेली. नव्या सत्तेने काय मान्य करायचे हे नव्या सत्तेनेच ठरवायचे असले, की सोयीचे राहते आणि नकोसे जाते. मग सत्ता पोर्तुगीज असो की आणखी कोणाची.

गोव्यातील स्वयंनिर्णयाचा प्रश्न मात्र वेगळ्या पातळीवर सुटला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी जनतेकडून घेतला गेला आणि विलीनीकरण नाकारले गेले. सार्वभौमत्वाला धक्का न लावता समाजाची ओळख राखण्याचा तो मार्ग होता. नागालँडसाठी घटनेत १९६२ मध्ये आलेले ३७१ अ हे कलम आणखी पुढे जाते. जमिनीची मालकी आणि हस्तांतर यांविषयीचा संसदेचा कायदा तिथे विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. ऑलंडच्या तोडग्याशी त्याचे नाते उघड आहे.

समारोप

चारही टप्पे एकत्र पाहिले तर काय हाती येते?

पहिली गोष्ट, मालकी सत्तांतराने संपत नाही हा नियम जुना आहे आणि न्यायाचा आहे. पण तो आपोआप चालत नाही. फ्लोरिडात तो चालला, कारण तहात शब्द होता आणि न्यायालयात प्रजेला उभे राहता आले. पंचमहालात तहाचा शब्दही प्रजेला उपयोगी पडला नाही, कारण न्यायालयाने दारच बंद ठेवले.

दुसरी गोष्ट, अल्पसंख्याकांना व्यक्तिगत मालकीची हमी लागते, पण तेवढी पुरत नाही. खरेदीविक्रीतूनही समाज उखडता येतो, हे प्रशियाने दाखवले.

तिसरी गोष्ट, स्वयंनिर्णय म्हणजे फुटून निघणेच असे नाही. भाषा, शाळा, स्थानिक विधिमंडळ आणि जमिनीवरचा पहिला हक्क एवढे मिळाले, तर पुष्कळ समाज सरहद्दीच्या आतही नांदू शकतात. पण त्याची किंमत कोणाच्या तरी मालकीहक्कातून वळती होते, आणि ती कोणाच्या, हे उघडपणे ठरवावे लागते.

चौथी आणि निर्णायक गोष्ट : हमीला राखणदार लागतो. जिनिव्हा कराराचा राखणदार होता तोवर त्याचा दरारा होता. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, नोकरीवरून काढलेल्या फ्रान्झ बर्नहाइम या एका कर्मचाऱ्याने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, आणि जर्मन सरकारला आपले ज्यूविरोधी कायदे अप्पर सायलेशियात थांबवावे लागले. जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपली आणि ते कायदे तिथेही लागू झाले. १९४५ नंतर पोलंडमधून जर्मन लोकांची हकालपट्टी झाली, आणि १९४६ च्या फर्मानाने त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. ज्या प्रदेशाबद्दल १९२३ चे मत दिले गेले होते, तिथे ज्यांच्यासाठी ते दिले ते लोकच उरले नाहीत. ऑलंडची हमी मात्र राष्ट्रसंघ बुडाल्यावरही टिकली, कारण फिनलंडने ती स्वतःच्या कायद्यात मुरवली आणि बेटांच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय ती बदलता येणार नाही अशी तजवीज केली.

सार्वभौमत्व बदलताना तहात काय लिहिले याकडे इतिहासाचे लक्ष जाते. शेत, घर आणि शाळा राखायची असतील, तर त्याहून एक प्रश्न अधिक विचारावा लागतो : लिहिलेले मोडले, तर ज्याचे गेले त्याला कोणत्या दारात उभे राहता येईल? ज्या राज्याने ते दार आपल्याच घटनेत उघडे ठेवले, तिथे मालकी आणि स्वयंनिर्णय दोन्ही टिकले. इतरत्र दोन्ही नव्या सत्तेच्या मर्जीवर राहिले.